हजार लिंका विकत घेण्याआधी



आज हळदीबद्दलच बोलायचंय, पण शेतातली किंवा कढईतली हळद आज बाजूला ठेवू. मोबाइलवर जी हळद विकली जाते, तिची गोष्ट आहे.

आपल्या जिल्ह्यात हळद शिजवून, वाळवून, पॉलिश करून, दळून पाव-अर्ध्या किलोची पाकिटं करणाऱ्या गटांची कमी नाही. 2024 साली वसमत हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं आणि पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक नाव घेऊन विचारायला लागलं. मग काही गटांनी, काही ग्रामसंघांनी स्वतःची वेबसाइट करून घेतली. कुणाच्या पुतणीनं कॉम्प्युटरचा कोर्स केलेला, तिनं करून दिली; कुणी पैसे देऊन केली. साइट झाली की चार दिवसांत फोन सुरू होतात. "मॅडम, तुमची साइट गुगलवर पहिल्या पानावर आणून देतो. हजार बॅकलिंक, आठ हजार रुपये, गॅरंटी." मासिक बैठकीत बायका मला विचारतात, ताई, हे काय असतं, द्यावेत का पैसे?

दहा बायकांचा गट, महिन्याला शंभर रुपये बचत. आठ हजार म्हणजे सगळ्या गटाची आठ महिन्यांची बचत झाली. एवढ्यात एखादीला शेळी घेता येते. म्हणून पैसे देण्याआधी आपण काय विकत घेतोय ते नीट समजून घेऊ.

लिंक म्हणजे काय ते आपल्याला माहीतच आहे. निळं अक्षर किंवा चित्र असतं, बोट लावलं की दुसरं पान उघडतं. आपल्या साइटकडे दुसऱ्या कुणाच्या साइटवरून येणारी जी लिंक, तिला हे धंदेवाले बॅकलिंक म्हणतात.

त्याची एवढी किंमत का, ते सांगते. 1998 साली अमेरिकेत लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनी गुगल काढलं. तेव्हाही शोधायची साधनं होती, पण ती मुख्यतः पानावरचे शब्द बघायची. ज्यानं पानावर शंभर वेळा "हळद हळद" लिहिलं, तो वर. या दोघांनी वेगळा विचार केला. पान स्वतःबद्दल काय म्हणतंय तेवढंच न बघता दुसरे त्याच्याबद्दल काय म्हणतात ते बघायचं. एखाद्या पानाकडे लोक आपल्या साइटवरून बोट दाखवतात, म्हणजे त्यात काहीतरी असेल. आणि बोट दाखवणारा स्वतः किती भरवशाचा आहे, तेही मोजायचं.

आपल्याला हे नवीन नाही. मुलीसाठी स्थळ आलं की आपण काय करतो? पोराच्या घरचे चांगलंच सांगणार, ते ऐकून घेतो आणि सोडून देतो. मग त्या गावात दिलेली आपली एखादी लेक, शेजारची म्हातारी, शाळेतले गुरुजी, यांच्याकडे चौकशी करतो. गुरुजींच्या एका शब्दाला वजन असतं. स्थळ जुळवल्याबद्दल ज्याला साडी-चोळी आणि पाकीट मिळणार आहे, त्या मध्यस्थाचं कौतुक आपण अर्ध्या कानानं ऐकतो. गुगलही असंच करतं. एकच फरक, आपल्याला माणसाच्या तोंडाकडे बघून कळतं की हा पैसे घेऊन बोलतोय. गुगलला ते कळावं म्हणून लिंकेला चिठ्ठी लावायची सोय केलेली आहे.

आजचा खरा विषय ही चिठ्ठी आहे.

लिंक बनवताना पडद्यामागं थोडं लिखाण असतं. त्यात कुठं जायचं तो पत्ता असतो. त्याच्या शेजारी आणखी एक शब्द लिहिता येतो, त्या जागेला 'रेल' म्हणतात. इंग्रजीत रिलेशनशिप म्हणजे नातं, त्याचं हे आखूड रूप. म्हणजे ज्याच्याकडे बोट दाखवतोय त्याच्याशी माझं नातं काय, ते तिथं लिहायचं. वाचणाऱ्याला हे दिसत नाही. त्याच्यासाठी लिंक सारखीच, बोट लावलं की उघडते. गुगलला मात्र ते दिसतं.

पहिला शब्द आला 2005 च्या जानेवारीत: नोफॉलो. त्या काळी लोकांच्या लेखांखाली अभिप्राय लिहायची जागा नुकतीच रुळली होती आणि तिथं औषधवाले, जुगारवाले येऊन आपापल्या लिंका चिकटवून जायचे. वाचणाऱ्यासाठी ते लिहीतच नव्हते, गुगलनं ती शिफारस मोजावी एवढाच हेतू. एसटी स्टँडच्या भिंतीवर "गुप्तरोगाचा इलाज" रंगवून जातात ना, तसंच. मग गुगल, याहू आणि मायक्रोसॉफ्टची एमएसएन या तिघांनी मिळून ठरवलं की ज्या लिंकेवर नोफॉलो लिहिलंय, ती शिफारस म्हणून धरायची नाही. भिंत माझी आहे, पण त्यावर लिहिलेल्याची हमी माझी नाही, असा त्याचा अर्थ.

पुढं 2019 च्या सप्टेंबरात गुगलनं आणखी दोन शब्द दिले. एक स्पॉन्सर्ड, म्हणजे या लिंकेसाठी पैसे, वस्तू किंवा काहीतरी मोबदला घेतलाय. दुसरा यूजीसी, म्हणजे ही लिंक साइटवाल्यानं घातलेली नाही, येणाऱ्या-जाणाऱ्यानं लिहिलेली आहे. (आपल्या कॉलेजवाल्या यूजीसीशी याचा काही संबंध नाही, नाव तेवढं एक.) त्याच वेळी गुगलनं हेही सांगितलं की यापुढं हे तिन्ही शब्द हुकूम म्हणून न घेता इशारा म्हणून घेऊ. म्हणजे चिठ्ठी बघून बहुतेक वेळा ती शिफारस धरणार नाहीत, पण अखेरचा निर्णय त्यांचा. आणि ज्या लिंकेवर यातलं काहीच लिहिलेलं नाही ती मोकळी लिंक, साइटवाल्यानं आपल्या मनानं केलेली शिफारस. भाव असतो तो या मोकळ्या लिंकेला.

आता त्या आठ हजारांच्या पिशवीत काय असतं ते बघू.

बऱ्याचदा त्या हजार लिंका अभिप्रायांच्या जागी, कुणीही खातं उघडून लिहू शकेल अशा पानांवर चिकटवलेल्या असतात. अशा ठिकाणी नोफॉलो किंवा यूजीसी आपोआप लागतं. वर्डप्रेस नावाच्या ज्या व्यवस्थेवर आपल्यातल्या बहुतेकींच्या साइट असतात, तिथंही अभिप्रायातल्या लिंकेला हे आपोआपच लागतं. म्हणजे हजार शिफारशींचे पैसे घेतले आणि त्यातली एकही मोजली जाणार नाही. "विकिपीडियावर लिंक घालून देतो" हा दुसरा प्रकार. इंग्रजी विकिपीडियानं 2007 च्या जानेवारीतच बाहेर जाणाऱ्या लिंकांना नोफॉलो लावलं, आणि मराठी विकिपीडियावरही तसंच आहे. वर जाहिरात म्हणून घातलेली लिंक तिथले संपादक काढून टाकतात ते वेगळंच.

समजा, विकणारा थोडा हुशार आहे आणि तो मोकळ्या लिंका देतो. कुठून देतो? याच कामासाठी उभ्या केलेल्या शेकडो निकामी साइटवरून. आज हळद, उद्या दिल्लीचं हॉटेल, परवा टक्कल घालवायचं तेल. गुगलचा नियम असा की शोधात वर यावं म्हणून लिंक विकत घेणं किंवा विकणं ही लबाडी आहे. 2012 च्या एप्रिलमध्ये पेंग्विन नावाचा बदल करून गुगलनं अशा लिंकांवर भरलेल्या साइट खाली ढकलल्या. आता त्यांची यंत्रणा अशा लिंका ओळखून बहुधा नुसत्या दुर्लक्षित करते. म्हणजे नशीब बरं असेल तर पैसे पाण्यात जातात. नशीब वाईट असेल तर गुगलचा माणूस हातानं शिक्षा लावतो आणि साइट शोधात सापडेनाशी होते.

ही शिक्षा मोठ्यांनाही चुकलेली नाही. अमेरिकेत जेसी पेनी नावाची कपड्या-भांड्यांची फार जुनी, मोठी दुकानांची साखळी आहे. 2010 च्या शेवटी, तिकडच्या नाताळच्या खरेदीत, ड्रेस म्हणा, चादरी म्हणा, सतरंज्या म्हणा, काहीही शोधलं की जेसी पेनी सगळ्यात वर. न्यूयॉर्क टाइम्स या वर्तमानपत्रानं शोध घेतला, तर ज्यांचा कपड्यांशी काडीचाही संबंध नाही अशा शेकडो साइटवर त्यांच्या लिंका पेरलेल्या सापडल्या. 2011 च्या फेब्रुवारीत बातमी छापून आली, गुगलनं शिक्षा लावली आणि काही वस्तूंत पहिल्या क्रमांकावरचं दुकान थेट सत्तराव्याच्या आसपास गेलं. कंपनीनं आम्हाला माहीत नव्हतं म्हणून सांगितलं आणि लिंकांचं काम करणाऱ्या संस्थेला काढून टाकलं. त्यांच्याकडे वकील होते, पैसा होता, शेकडो दुकानं होती. आपल्या गटाची एकच साइट, तीही हळदीच्या हंगामात गेली तर वर्षभराचा माल पडून राहतो.

दुसरं उदाहरण आपल्याला जास्त जवळचं आहे. इंग्लंडमध्ये इंटरफ्लोरा नावाची फुलं पोचवणारी कंपनी आहे. 2013 च्या सुरुवातीला त्यांनी तिकडच्या जिल्ह्या-जिल्ह्यांच्या वर्तमानपत्रांच्या साइटवर पैसे देऊन लेख छापून आणले, त्यात आपल्या लिंका दिल्या आणि त्यांवर पैसे दिल्याची चिठ्ठी लावली नाही. फेब्रुवारीत गुगलनं त्यांना शोधातून असं खाली घातलं की स्वतःच्या नावानं शोधलं तरी सापडेनात. पुढं मातृदिनाची मोठी विक्री होती. त्या लिंका काढून टाकायला त्यांची धावपळ झाली आणि जवळपास दीड आठवड्यानं ते परत दिसायला लागले. लेख विकणाऱ्या वर्तमानपत्रांच्या साइटलाही गुगलनं फटका दिला.

हे जवळचं अशासाठी की आपल्याकडेही तालुक्या-तालुक्याला बातम्यांच्या साइट झाल्यात. गटाची बातमी लावतो, दोन हजार द्या, असं म्हणणारे भेटतात. जाहिरात करायला माझी ना नाही. चांगल्या ठिकाणी असेल तर जाहिरात करावी, बचत गटानं का करू नये? पण त्या लेखातल्या लिंकेला स्पॉन्सर्ड लावायला सांगा. चिठ्ठी लावली की गुगलचा काही आक्षेप नाही, वाचणारं गिऱ्हाईक तरीही बोट लावून आपल्याकडे येतंच. तो म्हणाला, "चिठ्ठी लावली तर फायदा काय?", तर समजा की तो जाहिरात विकत नाहीये, खोटी साक्ष विकतोय.

ही चिठ्ठी कशी बघायची? मोबाइलवर अवघड आहे. कॉम्प्युटरवर त्या लिंकेवर माउसचं उजवं बटण दाबून इन्स्पेक्ट निवडलं की मागचं लिखाण उघडतं. तिथं इंग्रजी आर-ई-एल ही अक्षरं शोधायची आणि त्यांच्यापुढं काय लिहिलंय ते वाचायचं. नोफॉलो म्हणजे एन-ओ-एफ-ओ-एल-एल-ओ-डब्ल्यू, मध्ये जागा न सोडता. तुमच्या घरातली अकरावी-बारावीची पोरगी पाच मिनिटांत शिकेल. तिथं नोओपनर, नोरेफरर असलेही शब्द दिसतील. ते सुरक्षेसाठी आणि गिऱ्हाईक कुठून आलं ते झाकण्यासाठी असतात, शिफारशीच्या मोजणीत त्यांचा काही भाग नाही. उगाच घाबरायचं नाही.

मग एक मैत्रीण म्हणाली, ताई, आम्ही तर रोज फेसबुकवर, इन्स्टाग्रामवर लिंक टाकतो, यूट्यूबच्या व्हिडिओखाली टाकतो. ते काय वाया गेलं? तिथल्या लिंकांना बहुतेक नोफॉलोच असतं, म्हणून गुगलच्या मोजणीत त्या धरू नका. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपमधली लिंक तर गुगलला दिसतही नाही. पण ऑर्डर कुठून येतात, ते तुमच्या वहीत बघा. गावातली मुलगी पुण्याला दिलेली, तिनं सोसायटीच्या ग्रुपवर लिंक टाकली आणि वीस पाकिटांची मागणी आली, असंच ना? ती लिंक सोन्याची आहे. गुगल ही गिऱ्हाईकाकडे जाणारी एक वाट. तिच्यापायी दुसऱ्या चालत्या वाटा बंद करू नका. मला विचाराल तर नव्या गटानं पहिलं वर्ष व्हॉट्सअ‍ॅप आणि ओळखीवरच काढावं.

तरीही शोधात सापडायचं असेल, तर मोकळ्या, खऱ्या लिंका कुठून येतील? ज्यांनी तुमची हळद पाहिली आहे त्यांच्याकडून. तोंडापूरच्या कृषि विज्ञान केंद्रात तुमच्या बायकांनी प्रशिक्षण घेतलं असेल, परभणीच्या कृषी विद्यापीठाचे शास्त्रज्ञ तुमच्या युनिटवर येऊन गेले असतील, वसमतच्या हळद संशोधन केंद्राशी तुमचा संबंध आला असेल, तर त्यांना विनंती करा. साइटवर आमच्या गटाबद्दल काही लिहिलंत तर नावाला लिंक द्या, एवढंच म्हणायचं. पुण्याचा जो दुकानदार दरवर्षी दोन क्विंटल नेतो, त्याच्या साइटवर "ही हळद कुठून येते" एवढी एक ओळ आणि आपल्या गटाची लिंक येऊ द्या. कॉलेजच्या मुली प्रकल्पासाठी येतात, फोटो काढून नेतात. त्यांच्या कॉलेजनं अहवाल साइटवर लावला तर त्यातही. वर्षाला अशा तीन-चार मिळाल्या तरी हजाराच्या पिशवीपेक्षा जास्त. पैसे लागत नाहीत, तोंड उघडावं लागतं, आणि ते आपल्याला जमतं.

लिंकेवर शब्द काय आहेत तेही गुगल वाचतं. "इथे क्लिक करा" यातून कुणालाच काही कळत नाही. गटाचं नाव, गाव आणि हळद पावडर, एवढं असावं. पण प्रत्येकानं आपापल्या शब्दांत लिहू द्या. पन्नास ठिकाणी अगदी एकच वाक्य आलं की पढवलेल्या साक्षीदारासारखं दिसतं. आणि जाता जाता, मानांकनाचं नाव पाकिटावर किंवा साइटवर वापरायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. ती झाली नसेल तर आधी ती करा, लिंकांचं नंतर बघू.

इथपर्यंत दुसऱ्यांनी आपल्याला दिलेल्या लिंका झाल्या. आपण साइटच्या मालकीण आहोत, तेव्हा आपण कुणाकडे बोट दाखवतो हाही प्रश्न आहे. हा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

काहींना सल्ला मिळतो की बाहेर जाणाऱ्या सगळ्या लिंकांना नोफॉलो लावा, नाहीतर तुमच्या साइटची ताकद दुसऱ्याकडे वाहून जाते. असा कंजूषपणा करायचं कारण नाही. शेजारच्या गावाचा पापडाचा गट, तुमचं प्रशिक्षण केंद्र, तुमचा प्रभागसंघ यांची तुम्हाला मनापासून खात्री असेल तर मोकळी लिंक द्या. स्वतःच्याच साइटच्या एका पानावरून दुसऱ्या पानावर जाणाऱ्या लिंकांना तर नोफॉलो लावूच नका. पूर्वी लोक ताकद राखून ठेवायला तसं करायचे, पण 2009 सालीच गुगलकडून खुलासा आला की त्यानं काही राखलं जात नाही. उलट गुगलला तुमचं हळदीचं पान सापडायला अडचण.

आता दुसरी बाजू. साइट थोडी जुनी झाली की मेल येतो, तुमच्या पानावर आमची एक लिंक ठेवा, महिन्याला हजार रुपये देऊ. घरबसल्या हजार रुपये म्हटलं की बैठकीत चर्चा होणारच. लिंक कुणाची ते आधी उघडून बघा. अनेकदा ती झटपट कर्ज देणाऱ्या अ‍ॅपची किंवा मोबाइलवरच्या पैशांच्या जुगाराची असते. अशा कर्ज अ‍ॅपवाल्यांनी फोनमधले सगळे नंबर काढून घेतले आणि हप्ता चुकला की नातेवाइकांना घाणेरडे मेसेज पाठवले, असे गुन्हे आपल्या राज्यात नोंदले गेलेत. गटाच्या साइटवर बाई विश्वासानं येते. गटानं बोट दाखवलंय म्हणजे बरं असेल, असं तिला वाटतं. नोफॉलो, स्पॉन्सर्ड या चिठ्ठ्या गुगलला दिसतात, तिला दिसत नाहीत. तिच्यासाठी आपण दिलेली लिंक ही आपलीच शिफारस. म्हणून असल्या लिंका चिठ्ठी लावूनसुद्धा घेऊ नयेत, असा ठराव करून प्रोसिडिंगमध्ये लिहून ठेवा. खतवाला, दळणयंत्रवाला अशा बऱ्या माणसाची जाहिरात घेतली तर स्पॉन्सर्ड लावायचं आणि वर मराठीत स्पष्ट "जाहिरात" असं लिहायचं.

शेवटी, ज्या गटांनी आधीच लिंका विकत घेतल्यात त्यांच्याबद्दल. गुगलचं सर्च कन्सोल नावाचं साधन आहे, फुकट आहे. साइट आपलीच आहे हे दाखवलं की त्यात आपल्याकडे कुठून कुठून लिंका येतात त्याची यादी मिळते, आणि माणसानं लावलेली शिक्षा असेल तर मॅन्युअल अ‍ॅक्शन या नावाखाली तसं लिहिलेलं असतं. तिथं काही नसेल तर शांत राहा, पुढचे पैसे देऊ नका, एवढं पुरे. शिक्षा लिहिलेली असेल तर ज्यांनी लिंका घातल्या त्यांना लेखी कळवून काढायला लावायच्या, ज्या निघत नाहीत त्या आम्हाला नकोत असं त्याच साधनाच्या सोयीतून गुगलला कळवायचं, आणि मग फेरतपासणीचा अर्ज करायचा. यातल्या कुठल्याच टप्प्याला गुगल पैसे घेत नाही. "शिक्षा काढून देतो, पाच हजार" असा फोन आला तर तो बहुधा पहिल्या फोनवाल्याचाच भाऊ असतो. आणि पहिल्या क्रमांकाची हमी कुणीच देऊ शकत नाही, हे गुगलनं स्वतः लिहून ठेवलंय. पुढच्या वेळी गॅरंटी हा शब्द ऐकला की फोनवाल्याला म्हणा, "गटाच्या बैठकीला या, दहा बायकांसमोर समजावून सांगा."